छप्पर, श्रम आणि उपकार

दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. वसई सोडून आम्ही पुण्यास आलो त्यास आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी गावाकडच्या धर्मग्रामात आमची ओळख ‘पुण्याचे’ अशीच राहिली आहे. कोणाच्या मुलीस नर्सिंगला प्रवेश मिळालेला असतो, कोणाचा मुलगा इंजिनिअरिंगला यायचा असतो. विचारपूस होते, पाऊसपाण्याची चौकशी होते आणि मग दोन प्रश्न येतात. परवडेल अशी एखादी जागा आहे का? आणि कॉलेज सांभाळून करता येईल असे काही काम मिळेल का? पहिला प्रश्न मोकळेपणाने विचारला जातो. दुसरा विचारताना बापाचा आवाज थोडा खाली येतो. मुलाने स्वतःच्या कमाईवर शिकावे यात कमीपणा मानू नये, हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. पण स्वतःच्या मुलाची वेळ आली म्हणजे आवाज खाली येतो खरा.

हे दोन्ही प्रश्न निव्वळ व्यवहाराचे आहेत असे आम्ही कित्येक वर्षे समजत होतो. ते नीतीचेही प्रश्न आहेत हे आम्हांस एखाद्या ग्रंथातून कळले नाही. आमच्याच घरात, आमच्याच हातून झालेल्या चुकीमुळे कळले. ती हकिगत सांगण्यापूर्वी या शहराची रीत थोडी सांगितली पाहिजे.

पुण्याच्या पेठांतून हिंडताना विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर ‘कॉट बेसिसवर जागा देणे आहे’ अशा चिठ्ठ्या दिसतात. आपल्याकडे वाडीत ऐसपैस घरे बांधून राहणाऱ्या माणसास हा शब्द पटकन कळत नाही. येथे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली एक खाट मिळते. दहा बाय बाराच्या खोलीत तीन किंवा चार खाटा, प्रत्येक खाटेखाली एक बॅग, खिडकीपासून दारापर्यंत कपड्यांची दोरी. खाटेवर झोपता येते. अभ्यास करता येईलच असे नाही. म्हणून अभ्यासिकेत खुर्ची-टेबलाचे पैसे निराळे भरायचे. जेवण मेसमध्ये, त्याचे निराळे. अनामत रक्कम आधी. कॉलेजजवळ जागा घ्यावी तर भाडे झेपत नाही; लांब घ्यावी तर कामासाठी राखलेले तास बसच्या रांगेत जातात. काम म्हणजे काय? शाळकरी मुलांच्या शिकवण्या, औषधाच्या दुकानात संध्याकाळची पाळी, लग्नसराईत वाढप्याचे काम, मेसमध्ये ताटे उचलणे. आणि अलीकडे दुचाकी असेल त्याला रात्री उशिरापर्यंत घरोघर जेवणाची पाकिटे पोहोचवणे. सकाळच्या तासाला वर्गात पेंगणारा प्रत्येक मुलगा आळशी नसतो, एवढे प्राध्यापकांनी ध्यानात ठेवले तर बरे.

गरीब विद्यार्थ्याने या शहरात शिकणे ही गोष्ट जुनीच आहे. एके काळी पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकणाऱ्या मुलांची परंपरा होती. आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचे. सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे. त्या अन्नावर मोठमोठे विद्वान घडले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या काळच्या आठवणी वाचताना दोन गोष्टी मनात सलतात. एक म्हणजे, ही पंगत जातीबाहेरच्या मुलासाठी नव्हती. दुसरी म्हणजे, जेवणाऱ्या मुलाच्या मानेवर त्या घासाचे ओझे असे. पाणी भरून दे, बाळाला खेळव, बाजारातून एवढे आण, असे कोणी म्हटले तर ‘नाही’ म्हणण्याची सोय त्याला नव्हती. ज्याला बदल्यात काही द्यायचे ठरलेले नसते, त्याच्याकडून काहीही मागता येते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमकी ही गाठ सोडवली असे आम्हांस वाटते. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून वसतिगृह चालवले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. दागिने मोडणे हा त्याग. पण भाऊरावांचे मोठेपण केवळ त्यागात नाही. मुलाने शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात श्रम करावेत आणि त्या श्रमाच्या बळावर ताठ मानेने शिकावे, अशी व्यवस्था त्यांनी लावली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेही याच पायावर. आज पुणे विद्यापीठात आणि त्याच्या महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. मुले ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात रोज दोन-तीन तास काम करतात आणि तासाप्रमाणे पैसे घेतात. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यांतून आलेल्या मुलामुलींची अल्प खर्चात राहण्याची सोय करते. पण येणाऱ्यांच्या मानाने या सोयी थोड्या. बाकीच्यांची गाठ तुमच्या-आमच्यासारख्या घरमालकांशीच पडते.

आता आमची हकिगत.

२०१८ च्या जूनमध्ये एका धर्मगुरूंची चिठ्ठी घेऊन एक मुलगी आमच्याकडे आली. नगर जिल्ह्यातली, श्रीरामपूरकडच्या एका गावची, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. आमच्या गच्चीवर एक खोली रिकामी होती. आमच्या गल्लीत तसल्या खोलीस तेव्हा महिना सहा हजार रुपये मिळत. आम्ही तिला म्हटले, ‘तू तीनच हजार दे. मात्र संध्याकाळचे दोन तास आमच्या आईजवळ बसत जा.’ आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती, अंथरुणास खिळलेली नव्हती. पण तिला एकटे सोडणे जमत नव्हते. मुलगी आनंदाने ‘हो काका’ म्हणाली. रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही ही व्यवस्था चार लोकांना अभिमानाने सांगितली, हेही कबूल केले पाहिजे.

दोन तासांचे चार कधी झाले, ते आमच्या लक्षात आले नाही. आईला तिची सवय लागली. रात्रीची गोळी तीच देऊ लागली, गरम पाण्याची पिशवी तीच भरू लागली. आम्ही एखाद्या बारशाला किंवा रोझरीला गेलो तर ती होतीच. कोणी तिला हुकूम केला नाही. ‘जरा बघशील का गं?’ एवढेच. तीही एकदासुद्धा नाही म्हणाली नाही, आणि ती नाही म्हणत नाही याचा अर्थ तिला आवडते, असा आम्ही सोयीस्कर लावून घेतला. मार्चमध्ये तिने परीक्षेपूर्वी पंधरा दिवसांची सुटी मागितली. आम्हांस राग आला. ‘अगं, आम्ही तुला घरच्यासारखी वागवतो,’ असे शब्द आमच्या तोंडून गेले. ती गप्प राहिली आणि त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे आईजवळ येऊन बसली. पुस्तक मांडीवर होते. आई बोलत होती म्हणून ते मिटलेले होते.

त्या रात्री, का कोण जाणे, आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भाड्यात दिलेली सूट महिना तीन हजार. तिचे तास, रोज चार धरले तर महिन्याला एकशेवीस. म्हणजे तासाला पंचवीस रुपये. त्याच सुमारास आमच्या शेजाऱ्यांकडे ब्युरोतून येणारी बाई बारा तासांचे सहाशे, म्हणजे तासाला पन्नास घेत होती. गंमत अशी, की मूळच्या बोलीप्रमाणे दोनच तास राहिले असते तर आमचा व्यवहार अगदी चोख होता! बोली अन्यायाची नव्हती. अन्याय शिरला तो आपुलकीच्या दाराने.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला खाली बोलावून हिशेब समजावून सांगितला. आमच्या मते आम्ही प्रांजळ कबुली देत होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘काका, मग मी खोली कधीपर्यंत सोडायची?’

त्या प्रश्नाने आम्ही जितके खजील झालो तितके आयुष्यात क्वचितच झालो असू. घरमालकाने बोलावून आकडे सांगावेत, याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे तिच्या अनुभवात नव्हतेच. छप्पर देणारा आणि काम देणारा हात एकच असला, म्हणजे त्या हाताखालच्या माणसाला खरे बोलणे फार महाग पडते. कामाबद्दल तक्रार करावी तर निवारा जातो. जागेबद्दल करावी तर रोजगार जातो.

या प्रसंगानंतर आम्ही थोडे वाचन केले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे आमच्या शब्दांत असे: वस्तू देताना विकणाऱ्याचे खरोखर काही नुकसान होत असेल, तर तो वस्तूच्या नेहमीच्या मोलापेक्षा अधिक मागू शकतो, कारण ते नुकसान त्याचे आहे. परंतु घेणाऱ्याला केवळ त्याच्या अडचणीमुळे त्या वस्तूचा मोठा उपयोग होत असेल, तर त्यासाठी किंमत वाढवता येत नाही. कारण ती अडचण विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. जून महिन्यात कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस उरले असताना बॅग घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलाची निकड ही आपल्या खोलीची किंमत नव्हे. आपल्या भिंती आपल्या, छप्पर आपले. त्याची निकड मात्र त्याची. हाच न्याय कामालाही लागू पडतो. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात सांगितले, की गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी कबूल केली, म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, ते मुख्यतः या परिपत्रकाची आठवण ठेवून, असे त्यांनीच सांगितले. आमची मुलगी ‘हो काका’ म्हणाली होती. त्या होकाराच्या आड आम्ही वर्षभर लपलो.

येथे कोणी म्हणेल, घरमालकालाही पोट असते. अगदी खरे. आमच्या गल्लीतच एक विधवा बाई राहतात. मूलबाळ नाही, निवृत्तिवेतन नाही. पुढच्या खोलीतल्या दोन खाटांचे भाडे हेच त्यांचे उत्पन्न. त्यांना ‘भाडे कमी घ्या’ असा उपदेश करणारा मनुष्य एक तर मूर्ख असला पाहिजे किंवा पगारदार! २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा त्यांच्याकडच्या दोन्ही मुली गावी गेल्या. सामान खोलीत, खोलीला कुलूप. एप्रिलमध्ये राज्य शासनाने घरमालकांना निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. पुढे ढकललेले भाडे कधी तरी द्यायचेच होते. मुलींचे वडील म्हणत, ‘न राहिलेल्या खोलीचे पैसे कसले?’ बाई म्हणत, ‘खोली तर तुमच्याच सामानाने अडलेली आहे.’ दोघेही खोटे बोलत नव्हते. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही म्हणालो, की संकट दोघांवर आले आहे, तेव्हा तोटाही दोघांनी वाटून घ्यावा. निम्म्यावर तडजोड झाली. अक्वायनस यांच्या कसोटीने पाहिले तर बाईंचे नुकसान खरे होते, आणि ते मागण्याचा त्यांना अधिकार होता. सहा खोल्यांत चोवीस खाटा टाकून दर जूनमध्ये भाव वाढवणाऱ्या मालकास त्या बाईंच्या आड उभे राहता येणार नाही, एवढेच.

दुसरी एक गोष्ट आपल्या समाजाने स्वतःशी बोलली पाहिजे. पुण्यात जागा शोधताना आडनाव विचारले जाते, ताटात काय असते ते विचारले जाते. आपल्या मुलांना त्यामुळे नकार मिळतो, तेव्हा आपण दुखावतो, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या गच्चीवरची खोली तीन हजारांत मिळाली ती कोणाला? धर्मगुरूंची चिठ्ठी आणणारीला. तिच्याच कॉलेजातली, तिच्याहून गरीब, पण चिठ्ठी नसलेली मुलगी आमच्या दाराशी आली असती, तर आम्ही तिला गल्लीचा भाव सांगितला असता. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेसाठी जागा दिली आणि १७९२ साली पुण्यातले पहिले कॅथोलिक चर्च उभे राहिले. या शहरात आपल्या ख्रिस्तसभेला पहिले छप्पर मिळाले ते परधर्मीयाच्या जमिनीवर. ही गोष्ट आपण जयंतीच्या स्मरणिकेत छापतो. भाडेकरू निवडताना ती आठवत नाही.

तर मग काम आणि निवारा एकाच घरी देऊच नये का? तसेही आम्हांस म्हणवत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात संत पौल करिंथ शहरात येतो, तेव्हा त्याला या दोन्ही गोष्टी एकाच दारी मिळतात. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य सम्राट क्लौद्य याच्या आज्ञेमुळे रोमहून नुकतेच परागंदा होऊन आलेले. तेही तंबू करणारे, पौलही तंबू करणारा. तो त्यांच्याकडे राहतो, त्यांच्याबरोबर काम करतो आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलतो. पुढे सिलास आणि तीमथ्य मासेदोनियाहून येऊन पोहोचल्यावर पौल सर्वस्वी वचनसेवेत गढून जातो. मग त्या घराशी संबंध तुटला का? नाही. करिंथ सोडताना तेच दांपत्य त्याच्याबरोबर जहाजावर चढते. आम्हांस या प्रसंगातली मुख्य खूण हीच वाटते. काम थांबवता आले, आणि स्नेह राहिला. आमच्या घरात पंधरा दिवस काम थांबवण्याची नुसती विनंती झाली, आणि स्नेहाचा रंग उतरला.

‘राजांच्या दुसऱ्या ग्रंथा’त आणखी एक खोली आहे. शूनेम गावची एक सधन स्त्री येता-जाता थांबणाऱ्या अलीशा संदेष्ट्यासाठी गच्चीवर एक लहानशी खोली बांधून घेते आणि तीत चार वस्तू ठेवते: पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा. ही खोली भाड्याची नव्हती, आणि तिची बरोबरी करण्याचा आव आम्ही आणत नाही. पण त्या यादीकडे पाहिले, की ‘कॉट बेसिस’मध्ये काय वगळले गेले ते दिसते. आमच्याही खोलीत तोवर पलंग आणि दिवा होता, मेज-खुर्ची नव्हती. दोन्ही आणायला आम्हांस एकच दिवस लागला, आणि ती सुचायला दहा महिने.

त्या एप्रिलपासून व्यवस्था बदलली. खोलीसाठी वीज, पाणी, कर, रंगरंगोटी आणि आमचा थोडा मोबदला धरून साडेतीन हजार भाडे ठरले आणि ते कागदावर आले. आईजवळच्या दोन तासांचे शंभर रुपये रोज, दर शनिवारी हातात. परीक्षेच्या महिन्यात काम नाही. त्या महिन्याचे भाडे पुढच्या दोन महिन्यांत फेडायचे. दोन तासांवर घड्याळ गेले तर तासाला पन्नास अधिक. पहिल्या शनिवारी पैसे घेताना ती संकोचली आणि आम्हीही संकोचलो. काहीतरी तुटले असे दोघांनाही वाटले असावे. मात्र पुढे एकदा, आम्ही बाहेर निघालो असताना, ‘आज जमणार नाही काकू, माझी प्रॅक्टिकलची वही राहिली आहे,’ असे ती सरळ म्हणाली आणि वर निघून गेली. आमच्या घरात तिने उच्चारलेला तो पहिला नकार. आम्ही घरीच राहिलो. टाळेबंदीपर्यंत ती आमच्याकडे होती; आई गेली त्या वर्षी, २०२१ मध्ये, तिचा फोन आला होता, आणि आईविषयी ती आमच्याहून अधिक बोलली.

यंदा पुन्हा जून आला. वसईहून एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला; त्यांच्या नातवाला पुण्यात प्रवेश मिळाला आहे. गच्चीवरची खोली रिकामी आहे हे त्यांना ठाऊक होते. आम्ही आजच्या खर्चाने निघणारा भाड्याचा आकडा सांगितला, करार लिहून करू म्हणालो, आणि मुलाला बागेचे, बाजारहाटाचे काम हवे असेल तर त्याचे तासाप्रमाणे पैसे निराळे देऊ, असेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली. मग त्यांनी विचारले, ‘म्हणजे घरच्यासारखा नाही का ठेवणार त्याला?’

आम्ही म्हणालो, रविवारी जेवायला तो आमच्याकडेच असेल. पण भाडे मात्र लिहूनच घेऊ.